अटारीच्या कस्टममध्ये आगळाची बाटली

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

परवा, १ जुलै २०२५ ला, भारत आणि पाकिस्तानने आपापल्या तुरुंगांतल्या एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना दिल्या. दिल्लीत आणि इस्लामाबादेत, एकाच दिवशी. पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. मे महिन्यात क्षेपणास्त्रं उडाली त्याला दोन महिनेही झालेले नाहीत, अटारी बंद, विमानं बंद, टपाल बंद, आणि ही यादी मात्र वेळेवर. ते वाचलं आणि मला माझी दादी आठवली.

आम्ही कोकणी मुसलमान, रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठचे. माझ्या फुपीचं, म्हणजे आत्याचं, लग्न १९६२ मध्ये कराचीला झालं. तेव्हा मुंबईहून कराचीला बोट जायची. आमच्याकडच्या लोकांना कराची म्हणजे मुंबईच्या पुढचं बंदर, एवढंच वाटायचं. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे जुन्या माणसांच्या डोक्यातला नकाशा तसाच राहिला होता. १९६५ झालं आणि बोट गेली. १९७१ नंतर तर पत्रंही बंद पडली, ती थेट १९७४ च्या करारानंतर सुरू झाली. मधल्या तीन वर्षांत फुपीची खुशाली आमचे एक चुलते कुवेतहून कळवायचे. तिचं पत्र त्यांना, त्यांचं आम्हाला. पत्र हातात पडेपर्यंत त्यातला ताप उतरलेला असायचा.

२००१ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला दादी आणि अब्बा कराचीला गेले. ईद तिकडे करायची आणि २८ तारखेला फुपीच्या धाकट्या मुलीचं लग्न. मुंबईतला पाकिस्तानी वाणिज्य दूतावास १९९४ मध्येच बंद झालेला, म्हणून व्हिसासाठी दिल्लीच्या दोन खेपा. व्हिसा देशाचा मिळत नाही, शहराचा मिळतो. कराची लिहिलं असेल तर कराचीच, सिंधमधल्या हैदराबादला दुसरी बहीण असली तरी जायचं नाही. पोचल्यावर पोलिसांत नोंद, निघताना पुन्हा नोंद.

दादीच्या पिशवीत कुळथाचं पीठ, सोलं, आणि आगळाची एक बाटली, झाकणाला मेण लावलेली. अटारीला कस्टमच्या साहेबाने ती उजेडात धरली. लालभडक. "अम्माँ, ये क्या ले जा रही हो?" दादीला हिंदी धड येत नसे. ती म्हणाली, "कोकम हाय, पोरीला." साहेबाने मेण खरवडून वास घेतला, बोटावर थेंब घेऊन चाटला आणि तोंड असं केलं की मागची सगळी रांग हसली. बाटली सोडली. पुढे पाकिस्तानच्या बाजूला तेच सगळं पुन्हा, तोंडसुद्धा तसंच. अब्बा ही गोष्ट सांगायचे तेव्हा दोन्ही साहेबांची तोंडं करून दाखवायचे.

१३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला. २१ ला भारताने उच्चायुक्त विजय नंबियार यांना परत बोलावलं आणि १ जानेवारीपासून समझोता एक्सप्रेस आणि दिल्ली-लाहोर बस बंद, असं जाहीर केलं. कराचीत पोलीस नोंदणीच्या कचेरीबाहेर भारतातून आलेल्यांची ही गर्दी. अब्बा दोन दिवस तिथे उभे होते. गाडी आठवड्यातून दोनदाच, आणि लाहोर कराचीहून बाराशे किलोमीटर. लग्न सोडून दोघं निघाले. नातीची हळद पाहिली, निकाह नाही.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. १ जानेवारी २००२ ला गाडी थांबली, बस थांबली, एकमेकांच्या विमानांना आकाश बंद झालं. आणि त्याच १ जानेवारीला दोन्ही सरकारांनी आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना दिली, दरवर्षी देतात तशी. १९८८ च्या ३१ डिसेंबरला करार झाला होता की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दर १ जानेवारीला ती यादी जाते. कारगिल झालं तरी गेली, २६/११ नंतर गेली. म्हणजे तोंडं फिरवल्यावरही सरकारांची आपसातली ये-जा कधी पूर्ण थांबत नाही. थांबते ती दादीची.

मला वाटतं युद्धाच्या उंबरठ्यावर पहिला घाव नेहमी स्वस्त रस्त्यावर पडतो. कुणाकडे असे अनुभव असतील तर लिहा. याच सीमेचे असायला हवेत असं नाही.

---

चिंचगूळ

मस्त लिहिलंय. आगळ चाटणारा साहेब डोळ्यांपुढे आला. वाचतेय.

---

टिपणवही

चांगला विषय. थोडी भर.

१९६५ च्या लढाईत दोन्ही देशांनी राजनैतिक संबंध तोडलेच नव्हते. तोफा चालू आणि दूतावासही चालू. सिंधू पाणीवाटप करारानुसार भारताने पाकिस्तानला द्यायचे पैशांचे हप्तेही त्या काळात थांबले नाहीत. १९७१ ला मात्र संबंध तुटले. मग १९७६ पर्यंत दिल्लीतलं पाकिस्तानचं काम आणि इस्लामाबादेतलं आपलं काम कोण बघत होतं? स्वित्झर्लंड. भांडलेल्या दोन घरांच्या किल्ल्या एकाच शेजाऱ्याकडे असाव्यात तसं. अमेरिका आणि इराण यांच्यात तेहरानमधलं अमेरिकेचं काम १९८० पासून आजही स्विसच बघतात.

१९७६ च्या जुलैमध्ये संबंध पुन्हा जुळले त्याच महिन्यात समझोता एक्सप्रेस सुरू झाली. नाव उगीच पडलेलं नाही.

आणखी एक गंमत. आपण उच्चायुक्त म्हणतो कारण दोन्ही देश राष्ट्रकुलातले. पण बांगलादेशाला मान्यता मिळू लागली म्हणून पाकिस्तान १९७२ मध्ये राष्ट्रकुलातून रागाने बाहेर पडला, तो १९८९ ला परत आला. त्यामुळे मधल्या काळात इस्लामाबादेत आपले उच्चायुक्त नव्हते, राजदूत होते. इमारत आणि कटकटी त्याच, पाटी वेगळी.

---

सडेतोड_डोंबिवली

भावनिक लिखाण छान आहे, पण हे असे धागे बरोबर याच वेळी कसे येतात? २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ माणसं नाव-धर्म विचारून मारली. त्यात सहा महाराष्ट्रातली, त्यातली तीन आमच्या डोंबिवलीची. अंत्ययात्रेला मी होतो. त्या बायकांना सांगा तुमच्या आगळाची गोष्ट. अटारी बंद केली, व्हिसा रद्द केले, सिंधू करार स्थगित केला, बरोबर केलं. आणखी आधी करायला हवं होतं.

---

खाडीपलीकडे

सडेतोड, तुम्ही अंत्ययात्रेला होतात. तुमच्या रागाला मी काय उत्तर देणार? देत नाही. आमच्या मोहल्ल्यातही त्या शुक्रवारी काळ्या फिती लावून नमाज झाली, हे पुरावा म्हणून नाही, घडलं म्हणून सांगतो.

सरकारने रस्ता बंद करू नये असं मी कुठे लिहिलेलं नाही. सरकारपुढे लढाई आणि गप्प बसणं यांच्या मधल्या पायऱ्या थोड्याच असतात, त्यातली ही एक. ती पायरी कुणाच्या पाठीवर आहे एवढंच लिहिलं.

---

निवृत्त_सुभेदार

नमस्कार मंडळी. मी वाचणारा आहे, लिहिणारा नव्हे. पण २००१-०२ चा विषय निघाला म्हणून.

आम्ही तेव्हा बाडमेरच्या पुढे होतो. ऑपरेशन पराक्रम, म्हणजे संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौज सीमेवर नेली ते. डिसेंबरात रजेवरून बोलावलं, सातारा स्टेशनावर आईनं धपाटे बांधून दिले, ते राजस्थानात पोचेपर्यंत पुरवले. पोचायलाच सगळ्या फौजेला तीन आठवडे गेले, तोपर्यंत दुनियेतले सगळे देश मधे पडायला मोकळे झाले. त्यावरनंच पुढं फौजेनं आपली पद्धत बदलली. रोज वाटायचं आज हुकूम येतो. जानेवारीत वाटलं. १४ मे ला जम्मूजवळ कालूचकला अतिरेक्यांनी आमच्या जवानांच्या बायकापोरांना मारलं, तेव्हा तर सगळ्यांचं रक्त उसळलं होतं, कुणी एकमेकांशी बोलत नव्हतं. हुकूम आला नाही. ऑक्टोबरात माघारीचा आला. दहा महिने.

लोक विचारतात लढाई झालीच नाही, मग काय केलं? सुरुंग पेरले. लाखो. ते काम लढाईपेक्षा वाईट. शेतकऱ्याच्या उभ्या पिकात पेरायचे, तो बांधावर उभा राहून बघतोय. त्याला कागद दिला, भरपाई मिळेल. पंजाबात तर गव्हाची रानं. परत काढताना आमचीच माणसं गेली. वाळू सरकते, सुरुंग नकाशावर राहत नाही. एक म्हातारा रोज यायचा, लांबनं विचारायचा, माझी विहीर कुठल्या बाजूला आली? विहीर त्याची, पण तिथपर्यंत जायचा रस्ता आम्हाला विचारायचा.

उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं पाणी चहासारखं तापायचं. रोटीत वाळू. बायकोच्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न, होणार का नाही ते एकदा सांगा, म्हणजे पेरणीचं बघते.

मला धागाकर्त्याचं पटलं आणि सडेतोड यांचंही पटलं.

---

सडेतोड_डोंबिवली

सुभेदार साहेब, जय हिंद. तुमच्यापुढे वाद घालत नाही.

---

टिपणवही

सुभेदार साहेबांनी लिहिलं त्याची दुसरी बाजू बघा. कडेकोट नाकेबंदी असताना ५ जानेवारी २००२ ला काठमांडूत सार्क परिषद होती. भारताचं आकाश बंद, म्हणून मुशर्रफ यांना चीनवरून वळसा घालून नेपाळला यावं लागलं. एवढा वळसा घालून आले, भाषण संपवलं आणि व्यासपीठावर सरळ वाजपेयींपर्यंत चालत जाऊन हात पुढे केला. वाजपेयींनी हात घेतला, पण आपल्या भाषणात चार शब्द सुनावले. त्या हस्तांदोलनाने सीमेवरचा एक रणगाडाही मागे हटला नाही. खरी धावपळ मे-जूनमध्ये झाली. कालूचकनंतर भारताने पाकिस्तानचे उच्चायुक्त अश्रफ जहांगीर काझी यांनाही जायला सांगितलं. अमेरिका-ब्रिटनने आपल्या नागरिकांना भारत सोडायचा सल्ला दिला, आणि अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री आर्मिटेज जूनमध्ये इस्लामाबाद-दिल्ली करून गेले. घुसखोरी थांबवण्याचा शब्द मुशर्रफ यांच्याकडून आणलाय, असं त्यांनी दिल्लीला सांगितलं. तो किती पाळला गेला ते सगळ्यांना माहीत आहे. पण उन्हाळा टळला.

माझं मत: त्या वर्षी लढाई टळली ती शहाणपणाने कमी आणि उशिराने जास्त. राजनय म्हणजे बऱ्याचदा वेळ काढणं. सुभेदारांच्या बायकोची पेरणी त्या वेळ काढण्यात अडकली, हे मात्र कुठल्याही टिपणात नसतं.

जाता जाता, दोन्ही लष्करांच्या मुख्यालयांत डीजीएमओंची (लष्करी कारवायांच्या महासंचालकांची) हॉटलाइन १९७१ पासून आहे. दर मंगळवारी खालच्या पातळीवरचे अधिकारी त्यावर बोलतात. यंदा १० मे ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंचा फोन आला तो याच यंत्रणेतून. अमेरिका-सोव्हिएत संघाची १९६३ ची हॉटलाइन तर फोनच नव्हती, टेलिप्रिंटर होता. बोलण्यात आवाज चढतो, टंकलेखनात चढत नाही, असा विचार.

---

दुबईवाली_काकू

आम्ही दुबईत छत्तीस वर्षं. इथे आमच्या मजल्यावर कराचीचं कुटुंब आहे, त्या घरातल्या बाईची आजी कोकणी! मला "भावजय" म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पिशवीच खाली ठेवली मी.

२००२ आणि २००३ मध्ये विमानं बंद होती तेव्हा मुंबईची माणसं दुबईमार्गे कराचीला जायची. मुंबई-कराची विमानाने दीड तासाचं अंतर, आणि लोक विमानतळावर आठ आठ तास बसलेले. खुर्चीवर पाय वर घेऊन झोपलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात. ज्यांच्याकडे पैसे ते जायचे. आगगाडीवाले नाही.

यंदा एप्रिलअखेर अटारीचे फोटो पाहिले का? आईचा पासपोर्ट एका देशाचा, लेकरांचा दुसऱ्या. फोटो बघून मी फोन उलटा ठेवला.

---

बोर्डीकर

हा धागा आमच्या डहाणू-तलासरी भागासाठीच काढलाय असं वाटलं. त्या १ जुलैच्या यादीकडे इथे लोक वाट बघत असतात.

शहरातल्यांना माहीत नसेल, आमच्या पट्ट्यातली आदिवासी पोरं ऑगस्ट ते मे खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ. मालक आगाऊ उचल देतो, त्यात घराचे पत्रे होतात, एखादं लग्न होतं. मासा किनाऱ्याजवळ राहिला नाही म्हणून बोटी कच्छजवळच्या सर क्रीक खाडीकडे जातात. तिथली हद्द दोन्ही देशांनी अजून ठरवलेलीच नाही. समुद्रात रेघ कुठे दिसते? पाकिस्तानची बोट येते, दोर टाकते, झालं. कराचीचा मलीर तुरुंग. आपणही त्यांचे मच्छीमार असेच धरतो, हे पण लिहायला हवं.

शिक्षा काही महिन्यांची. २००८ च्या करारात लिहिलंय की शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व ठरलं की महिन्याभरात सोडायचं. पण राष्ट्रीयत्व ठरवायचं कसं? तिकडून नाव येतं ते उर्दूतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. वारली माणसाचं नाव तीन भाषांतून फिरून आलं की त्याच्या आईलाही ओळखता येत नाही. एका वेळी आडनावाच्या रकान्यात गावाचं नाव आलं होतं आणि गावाच्या रकान्यात बंदराचं. पोलीस ठाण्यातून हवालदार पाड्यावर आला, म्हणाला या नावाचा कुणी आहे का. सगळे नाही म्हणाले. त्याची बायको तिथेच चुलीपाशी बसली होती. चार महिन्यांनी मी तो कागद पाहिला आणि माझ्या लक्षात आलं. ते चार महिने कुणाच्या खात्यात टाकायचे?

या १ जुलैच्या यादीत पाकिस्तानने आपले १९३ मच्छीमार दाखवलेत. आपल्याकडे त्यांचे ८१. बाकी नागरी कैदी वेगळे. दोन्ही बाजूंचे निवृत्त न्यायाधीश तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायचे, अशी एक समिती होती. तिची शेवटची फेरी २०१३ ची. बारा वर्षं झाली.

वातावरण बरं असेल तर माणसं सुटतात. २०२३ च्या मे-जूनमध्ये १९८ आणि २०० अशा दोन मोठ्या तुकड्या सुटल्या. सुटका म्हणजे कराचीहून रेल्वेने लाहोर, वाघ्यावरून पायी. वातावरण बिघडलं की अडीचशे कुटुंबांची फाइल तशीच पडून. सडेतोड, मला तुमचा राग कळतो. पण खलाशाला दिल्लीत काय बिघडलं हे तुरुंगात कळतं ते एकाच गोष्टीवरून, घरचं पत्र यायचं थांबतं.

---

चिंचगूळ

बोर्डीकर, मी मुंबईत राहते, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आणि यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या बाईचा नवरा आला का?

---

बोर्डीकर

आला. २०२३ ला. पोरीने ओळखला नाही, बायकोच्या मागे लपली. आता तो पुन्हा पोरबंदरला जातो. दुसरं काय करणार?

---

मधुघट

जरा अवांतर. कराचीत आजही मराठी हिंदू कुटुंबं आहेत आणि गणपती बसवतात. तिथलं एनजेव्ही हायस्कूल म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य. १८५५ ची शाळा, सिंधमधली पहिली सरकारी शाळा, आपल्या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव अजून तसंच आहे. पाटी पुसली नाही, याचं कौतुक वाटतं.

---

सडेतोड_डोंबिवली

हे एनजेव्हीचं माहीत नव्हतं. आणि बोर्डीकर, खलाशांचंही. माझं मत बदललेलं नाही. पण मासे धरणारा पोरगा आणि तो, ज्याला आम्ही शिव्या देतो, हे एकाच खात्यात टाकू नयेत एवढं मान्य. यादी लवकर दुरुस्त व्हावी यासाठी खासदारांना पत्र लिहायचं असेल तर मसुदा इथे टाका, सही करतो.

---

बोर्डीकर

टाकतो. शनिवारी वेळ मिळेल. पत्र खासदारांना आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना, कारण पडताळणी तिथे अडते. नावं मराठीत आणि इंग्रजीत, बापाचं नाव आणि पाड्याचं नाव वेगळ्या रकान्यात, असा एक साधा तक्ता बंदर सोडतानाच भरून घेतला तरी अर्धं काम होईल.

---

टिपणवही

तक्त्यात बोटीचा नोंदणी क्रमांक आणि धरल्याची तारीखही घ्या. करारात अटकेपासून तीन महिन्यांत वकिलातीच्या माणसाला भेटू देण्याची तरतूद आहे. तारीख नसली की ते तीन महिने कधीपासून मोजायचे यावरच पत्रापत्री होते. शिवाय यंदा इस्लामाबादेतली आपली माणसं पंचावन्नवरून तीसवर आलीत. त्यांतल्या कुणाला तरी कराचीपर्यंत जायचंय, दोघांना बंदोबस्त मागायचाय, परवानगी घ्यायचीय. जेवढे कागद इथून नीट जातील तेवढं बरं.

---

दुबईवाली_काकू

धागाकर्ते, तुमच्या फुपी आहेत का अजून?

---

खाडीपलीकडे

नाही काकू. दादी २००४ ला गेली. त्या वर्षी १ जानेवारीला विमानं सुरू झाली आणि पंधरा दिवसांनी गाडीही, पण ती तोवर अंथरुणाला खिळली होती. फुपी २०१३ ला गेली. जिच्या लग्नाला दादी थांबू शकली नाही ती माझी आतेबहीण आहे, आता तिच्याच मुलीचं लग्न ठरलंय. मे मध्ये, ८ तारखेच्या रात्री, तिचा व्हॉट्सअपवर आवाज आला, आमच्याकडे दिवे घालवलेत, तुमच्याकडे आहेत का? आमच्याकडे होते. मग थोडा वेळ ती काही बोलली नाही, मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं. मग म्हणाली, यंदा आगळ केलंस का रे? हंगाम तर हाच. केलं होतं, पण पाठवायचं कसं? ३ मे पासून टपाल आणि पार्सल दोन्ही बंद.

---

दुबईवाली_काकू

मी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला येतेय, गणपतीआधी परत. आमच्या मजल्यावरची ती सप्टेंबरात कराचीला जाणार आहे भावाकडे. नीट बांधून दिलंत तर सामानात घालते. दोन बाटल्यांना कुणी व्यापार म्हणणार नाही.

---

टिपणवही

म्हणतील हो काकू. तिसऱ्या देशातून आलेल्या मालावरही दोन्हीकडे बंदी आहे. पण घरगुती बाटली आहे, लेबल लावू नका, आणि विचारलंच तर चाखायला द्या.

---

खाडीपलीकडे

काकू, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दोन बाटल्या, झाकणाला मेण लावून देतो. एक जास्तीची देतो, चाखणाऱ्यांसाठी.